भिंतीमागची भर

बनशंकरी, बेंगळुरू
१२ एप्रिल २०२६

प्रिय अण्णा,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की परसातली भिंत खालच्या कोपऱ्यात पुढं झुकली आहे आणि त्या बाजूला आरपार दगड कमी पडले असावेत, म्हणजे भिंतीची पुढची नि मागची बाजू बांधून ठेवणारे ते लांब दगड. ती बाजू तू बांधलीस हे ठाऊक असून मी तसं लिहिलं. ते चूक होतं. नुसतं बाहेरून बघून लिहिलं होतं. आता मी भिंतीमागची माती खणून बघितली आहे. आरपार दगड सगळे जागेवर आहेत, आप्पांच्या बाजूपेक्षा एखादा जास्तच असेल. सांधे भरलेले आहेत, पाया खचलेला नाही. तुझ्या बांधकामात मला दोष सापडला नाही, आणि मी तो नीट शोधला होता, हेही तुला माहीत असावं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण भिंतीचं नाव निघालं की तू 'सरी सरी, बरं बरं, नंतर बोलू' म्हणून ठेवून देतोस. इलेक्ट्रॉनिक सिटी काही परदेशात नाही, तरी एकाच गावात राहून तुला पत्रं लिहावी लागतात ती त्यामुळं. वहिनी म्हणाली, मागचं पत्र तू दोनदा वाचलंस आणि टीव्हीखालच्या खणात ठेवून दिलंस. म्हणून हेही वाचशील असं धरून चालते. घाई आहे, अण्णा. मोठे पाऊस सुरू व्हायच्या आत ती भिंत उतरवायलाच हवी. खालच्या घरातल्या तुंगाबाईंचा धुण्याचा दगड अगदी भिंतीच्या पायाशी आहे. त्या हसण्यावारी नेतात. परवा म्हणाल्या, "काय गं रंजिता, तुमची भिंत मला रोज स्वल्प जास्त वाकून नमस्कार करते. आशीर्वाद देऊ का पळू?" मी हसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना धुणं पुढच्या अंगणात न्यायला लावलंय. त्यांच्या बादल्या मी उचलते आणि त्यांची बोलणीही मीच खाते.

भिंत बांधली ते वर्ष तुला आठवत असेलच. आपली जागा इतकी उतरती होती की आई म्हणायची, या घरात लाडू पडला तर तळ्यात सापडेल. परस सपाट करायचं तर खालच्या अंगाला माती धरून ठेवणारी भिंत हवी होती. तू कॉलेज सोडून आप्पांच्या हाताखाली गवंडीकामाला लागला होतास. उताराच्या वरच्या अंगाची अर्धी भिंत त्यांनी घेतली, खालच्या कोपऱ्याकडची अर्धी तुला दिली. मी तिसरीत असेन. मला तुम्ही ओळंबा धरायला बसवायचात. दोरी स्थिर होईपर्यंत मी श्वास रोखून धरायची, कारण तू सांगितलं होतंस की माझ्या श्वासानं लोलक हलतो. पुढं डिप्लोमाला गेले तेव्हा सर म्हणाले, असं काही नसतं. तरी मी अजूनही साइटवर ओळंबा सोडला की श्वास धरते. आमचा इंजिनिअर विचारतो, मॅडम, बरं वाटत नाही का?

आणि पाडव्याआधीचा रविवार. त्याची आठवण मला इथं राहून जास्त येते का तुला तिकडं राहून, ते सांगता येत नाही. मार्चचं ऊन तापलं की परसातली माती आकसायची आणि भिंतीच्या पाठीला लागून लांबच लांब भेग पडायची. आप्पांच्या बाजूला करंगळी जाईल न जाईल एवढी, तुझ्या कोपऱ्यात माझा अख्खा हात कोपरापर्यंत आत. घर झाडायच्या आधी ही भेग भरायची, हा आपला नेम. "भेग ठेवू नये पोरी, पावसाचं पाणी तिथनंच शिरतंय," असं आप्पा सांगायचे. चिकोडीकडं त्यांच्या वडिलांच्या शेतात काळ्या मातीच्या बांधांना अशाच भेगा पडायच्या आणि पावसाआधी त्या भरल्या नाहीत तर बांध फुटायचा. आप्पा लाल माती चाळून द्यायचे, मी चिकपेटहून आणलेल्या माझ्या छोट्या थापीनं ती आत लोटायची, तू पहारीनं ठासायचास. आई बंबाची राख, फुटकी कौलं, जे हाताला लागेल ते आणून टाकायची. मग परातीत कांदा-मिरची घालून चुरमुरे, आणि त्यात आपल्या हातांची थोडी माती. त्या दिवशी घरात कुणी कुणावर रागवायचं नाही. मला वाटतं आपण चौघं एकाच कामात असायचो, ते वर्षातून तेवढंच.

एका वर्षी तू पहार टेकवून विचारलं होतंस, "आप्पा, मागच्या साली गच्च भरली होती की. मग ती माती गेली कुठं?" आप्पा म्हणाले, "जमिनीला पण भूक लागती की रे." आई म्हणाली, "लागणारच. तुझीच संगत आहे तिला." सगळे हसले, तूही हसलास, आणि भेग पुन्हा भरली.

त्यानंतरचं मी लिहिणार नव्हते, पण ते वगळलं तर हे पत्रही मागच्यासारखंच अर्धवट होईल. दयानंद कंत्राटदार घरी आले होते. परसात उभं राहून त्यांनी भिंतीकडं बघितलं आणि विचारलं, "पिराजी, ह्या खालच्या बाजूला पोट आल्यासारखं दिसतं. कुणाचं काम?" आप्पा वरच्या आणि खालच्या कामाच्या सांध्याजवळ गेले, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माझा हात इथं संपतो बघा." तू चहा घेऊन दारात आला होतास. कप न सांडता कट्ट्यावर ठेवलास. त्यानंतर तू दगडाला हात लावला नाहीस आणि पाऊस संपायच्या आत तिकडं नोकरी धरलीस. आई गेली तेव्हा आलास, तेरा दिवस राहिलास, पण मागचं दार उघडलं नाहीस. आंघोळीचं पाणीसुद्धा पुढच्या नळाचं घेतलंस. ते माझ्या लक्षात आलं होतं. आप्पांच्याही आलं असणार.

आता खणलं ते सांगते. भिंत कशामुळं झुकली हे कळल्याशिवाय नवी बांधायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून तुझ्या कोपऱ्यात भिंतीच्या मागं आडवा चर घेतला. वर आपलं रोजचं परस. खाली गेले तशी एका बाजूला काळी चिकणमाती लागली, जुन्या तळ्याची. आणि ती माती नि भिंत यांच्या मधे आपली भर. पाचरीसारखी. वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली. तिचे थर वेगळे ओळखू येतात, अण्णा. लाल माती, मग राखेची करडी रेघ, मग कौलाचे तुकडे, पुन्हा लाल. एका थरात आईच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे. एकात माझा निळा कंगवा, जो हरवला म्हणून मी मार खाल्ला होता. तू कॅरमचा स्ट्रायकर शोधत होतास ना, तोही आहे. धुऊन ठेवलाय. मग एके ठिकाणी राख संपते आणि वर नुसती चाळलेली लाल माती लागते. ती आई गेल्यानंतरची. बंब बंद झाला होता आणि भरायला आप्पा नि मी दोघंच होतो.

मी तिथंच बसून राहिले, कारण मला दोन गोष्टी एकदम कळल्या आणि त्यातली एक कळायला नको होती. चिकणमाती उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते आणि पावसात फुगून आपल्या जागी परत येते. आपण दरवर्षी तिची जागा भरून टाकत होतो, तीही पहारीनं ठासून. फुगलेली माती परत आली की तिला जागाच नसायची. मग ती भरीला ढकलायची आणि भर भिंतीला. उन्हाळा आला की ती पुन्हा आकसायची, भिंत मात्र मागं यायची नाही. पुन्हा भेग, पुन्हा आपण. भिंत झुकवली ती आपणच. शेतातला बांध सगळा मातीचा असतो, तो मातीबरोबरच फुगतो आणि आकसतो, तिथं आप्पांचं बरोबर होतं. दगडी भिंत तसं करू शकत नाही. दुसरी गोष्ट, ही काळी माती फक्त तुझ्या कोपऱ्यात आहे. आप्पांच्या बाजूला मुरूम आहे, तो जवळजवळ हलतच नाही. आप्पांची बाजू सरळ राहिली ती जमिनीमुळं. तू विचारलं होतंस ना, माती जाते कुठं? ती कुठंच गेली नव्हती. भिंत सरकून तिला जागा करून देत होती.

आप्पांना कसं सांगायचं या काळजीत मी चरावर पत्रा टाकून ठेवला आणि पाण्याची गळती शोधतेय अशी थाप मारली. मला थाप मारता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. गुरुवारी संध्याकाळी ते स्वतःच काठी टेकत मागं आले. "काय करालीस गं? पत्रा काढ." मी काढला. ते काठावर बसले. मी समजवायला सुरुवात केली तर हातानंच थांबवलं. मग वाकून करड्या रेघेतली चिमूटभर राख घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "बंबाची आहे." एवढंच बोलून आत गेले. मी घाबरून दोनदा बघून आले, त्यांचा श्वास चालू आहे ना ते. जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शिवा विचारत होता तेव्हा. माती जाती कुठं म्हणून." मला वाटत होतं ते फक्त मलाच आठवतंय.

नवी भिंत कशी करायची ते मी ठरवलंय, पण तू बघितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. तुझ्या कोपऱ्यात एक उंच भिंत न घेता दोन बुटक्या घ्यायच्या, पायऱ्यांसारख्या, मधे पट्टा सोडून. पाया काळ्या मातीच्या खाली, जिथं ओल वर्षभर सारखी राहते तिथपर्यंत न्यायचा. भिंतींना आत कल द्यायचा. दोन्हींच्या मागं मातीऐवजी मोकळी खडी, खडी आणि माती यांच्या मधे गाळणीचं कापड, तळाला भोकांची नळी. भिंतीतून पाणी बाहेर पडायला भोकं ठेवायची. वर फरशी, तीही भिंतीच्या उलट, घराजवळच्या गटाराकडं उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी तिकडं जाईल आणि भिंतीमागं मुरणार नाही. माती फुगली की खडी तिला थोडी जागा देते, म्हणून खडी कधीच ठासायची नाही. हे मी भिंतीवर कोरून ठेवणार आहे, कारण आपल्या घरात कुणाच्याही हातात पहार आली की काय होतं ते आपण बघितलंय. यात कुठं चुकत असेन तर सांग. कल किती ठेवावा याबद्दल मला अजून खात्री नाही. तुझा डोळा माझ्यापेक्षा बरा होता.

आता हे पत्र कशासाठी, ते. आप्पांनी माफी मागितलेली नाही, आणि ते मागतील असंही मी तुला सांगणार नाही. काल मी उतरवण्यासाठी मजूर ठरवायला फोन काढला तर म्हणाले, "वरच्या बाजूला कुणाला पण लाव. खालच्या बाजूच्या दगडांना परका हात नको. त्यानं एकेक बघून बसवलेत. कुठला कुठं होता ते त्यालाच कळंल, नव्या भिंतीत तसेच बसायला पाहिजेत." मी म्हटलं, आप्पा, मीच विचारू का? तर म्हणाले, "मग कोण विचारणार? मला लिहायला येतंय काय?" त्यांना लिहायला येतं, अण्णा, तुलाही माहीत आहे. आज सकाळी त्यांनी खडूनं तुझ्या बाजूच्या दगडांवर आकडे घालायला घेतले. सहाचा आकडा शून्यासारखा दिसतो, आणि मी पुसून पुन्हा लिहिलं तर रागावतात. तुंगाबाई खालून म्हणाल्या, "पिराजीअण्णा, भिंतीला शाळेत घालताय का?" ते हसले. तू आलास तर बरं होईल, एवढंच लिहिते. नाही आलास तर तुझे दगड मी स्वतः उतरवीन, आकडे बघून, एकेक. पण पावसाआधी भिंत उतरणार, ते आता कुणासाठी थांबवता येणार नाही. दिवस मी ठरवलाय: रविवार, ३ मे.

तुझीच, अजून श्वास धरणारी,
रंजी