मधली खिडकी

बाथ, ११ मे १९७४

तीर्थरूप हेस्टर आत्यास सिरिलचा नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठणठणीत आहे. (तुम्ही एवढे कान पिळलेत, तरी लिहितालिहिता मोठ्याने वाचायची खोड गेलेली नाही.)

घर कसं आहे, विचारलंत. इमारत दोनशे वर्षांची. बाहेरून सगळं इतकं मापात की टोपी काढावीशी वाटते. आत मात्र कुणा शहाण्याने दिवाणखान्यात पातळ भिंत घालून दोन फ्लॅट पाडलेत. छतावरचं चुन्याचं फूल अर्धं माझ्याकडे, अर्धं शेजारच्या मिस ॲटरबरींकडे. भिंत थेट मधल्या खिडकीवर आदळते, म्हणून तीही अर्धी-अर्धी. बाकीच्या खिडक्या रंगाने कायमच्या चिकटल्यात. हिचं तावदान वर सरकवायचं, पण ते एकसंध, एकट्याने उचललं की तिरकं होऊन अडकतं. थोडक्यात, मला वारा हवा असेल तेव्हाच तो बाईंनाही हवा असावा लागतो. नगरपालिकेचा माणूस दम देऊन गेला, "वारशाची इमारत आहे साहेब, भिंतीला न् खिडकीला बोट लावायचं नाही." (मग उघडायची कशी, ते त्याने सांगितलं नाही.)

शेवटी आम्ही खुणा ठरवल्या. भिंतीवर दोनदा टकटक म्हणजे हो, एकदा म्हणजे नको. हो आलं की एक-दोन-तीन मोजून दोघांनी एकदम उचलायचं. पहिल्याच दिवशी मी 'तीन'ला उचललं, त्यांनी 'तीन' म्हणून झाल्यावर. तावदान अडकलं. "आधी सांगायला तोंड नव्हतं का हो?" पलीकडून आवाज आला. दोन तास पाऊस आत येत होता. त्यांचं मांजर त्या फटीतून येऊन माझा खारवलेला मासा खाऊन गेलं.

याला तीन वर्षं झाली. आता खिडकी रोज सकाळी आठला न मोजता उघडते. बाई फटकळ, मांजर चोर. सप्टेंबरात त्या कायमच्या बहिणीकडे, समुद्राकाठी चालल्यात. माझं काही म्हणणं नाही, फक्त वाऱ्याची सोय बघायला हवी.

तुमचा,
सिरिल

ता. क. गेल्या महिन्यात त्या आठवडाभर गावाला गेल्या होत्या. खिडकी बंद होती. मला अजिबात करमलं नाही, हे सरळच सांगतो.

ता. क. दुसरा. आजीची निळ्या खड्याची अंगठी तुमच्याकडेच आहे ना? पाठवाल का? बाईंना विचारायचा धीर अजून झालेला नाही, तेव्हा कुठे बोलू नका.

ता. क. तिसरा. आत्ताच भिंतीवर टकटक झाली. दोनदा. खिडकी तर सकाळपासून उघडीच आहे.