ताटाळ्यातले सदतीस फोन

प्रिय तेजस,

आई फोन करायचा सोडून कागद का खरडत बसली, असं तुला वाटेल. माझा फोन ताटाळ्यात आहे. स्वयंपाकघरातल्या आपल्या स्टीलच्या ताटाळ्यातली ताटं काढून तुझ्या बाबांनी तिथे जुने फोन उभे केलेत आणि एकमेकांना जोडलेत. सदतीस! सदतिसावा माझा, कारण म्हणे, "तेवढाच एकाचा हातभार." ताटं सोफ्यावर आहेत. आलेला पाहुणा उभाच असतो.

दिवाळीत तू या उद्योगाला भंगार म्हणालास. तेव्हा अकराच फोन होते. त्यानंतर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत आणि तूही त्यांना फोन केला नाहीस. आठ महिने झाले. मला मात्र दोघंही विचारता, "बरा आहे ना?" "बरे आहेत ना?" मी काय पोस्टमन आहे?

फोन येतात गफूरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानातून. काच फुटलेली, आवाज गेलेला, पण डोकं शाबूत. धुळ्याच्या अक्कांनी तर आपला फोन एसटीने पाठवला, सोबत बाबांना चिठ्ठी: "प्रेमराज, याला गाणी वाजवता येत नाहीत, गणितं येतात का बघ." काम काय, तर यावलच्या भाईदास आबांच्या केळीच्या पानांचे चार हजार फोटो तपासून करपा रोग कुठे लागलाय ते शोधायचं. एका फोनला तीन दिवस लागतात, सगळ्यांनी वाटून घेतलं तर दोन तास. पण झालं उलटंच. फोन वाढवावेत तसं काम मंदावत गेलं. विसांपेक्षा तीस हळू. बाबा जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे आणि मी गरम केलेलं वरण पुन्हा गरम करायची.

शेवटी मीच वैतागून म्हटलं, अहो, आपल्या वृषालीच्या लग्नात काय झालं आठवा. पोळ्या लाटायला वीस बायका आणि कणकेची परात एकट्या अक्कांपुढे. जी ती म्हणतेय, "अक्का, गोळा द्या!" लाटणं कमी, ताटकळणंच जास्त. तुमचे सगळे फोनही एकाच फोनकडे फोटो मागताहेत. आधीच प्रत्येकाला आपापला वाटा देऊन टाका आणि काम संपेपर्यंत कोणी कोणाला काही विचारायचं नाही. ते तसेच ताटाळ्याकडे गेले. मग दोन दिवस मान वर नाही. गेल्या गुरुवारी दोन तास सात मिनिटांत चार हजार फोटो झाले. भाईदास आबा बागेत जाऊन बघून आले, दाखवलेल्या झाडांवर करपा होताच. दारातूनच बाबांना ओरडून म्हणाले, "नाना, हाई ते बठ्ठं खरं शे!"

आता तरी माझं नाव घेतील असं वाटलं. छे! माझ्यासमोर, मी चहाचा ट्रे घेऊन उभी असताना, गफूरभाईंना सांगितलं, "ही युक्ती आमच्या तेजसची. रोज संध्याकाळी फोन असतो त्याचा." रोज! आमच्या भुसावळच्या कॉन्व्हेंट शाळेत एवढ्या खोट्याला सिस्टरने शंभर ओळी लिहून घेतल्या असत्या. मी कप पुढे केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता ऐक. येत्या रविवारी अकरा वाजता यावलचे पंधरा शेतकरी आपल्या घरी येताहेत, आणि तेजस व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगेल असा शब्द बाबांनी देऊन ठेवलाय. तुला सांगायचा धीर मात्र होत नाही. काल त्यांनी तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन उलटा ठेवला. मी दाराआडून पाहत होते. तेव्हा तूच कर, पावणेअकराला, त्यांच्या नंबरवर, जसा काही रोजच करतोस. हे पत्र आल्याचं बोलू नकोस. युक्ती कोणाची असं कोणी विचारलं, तर खुशाल स्वतःचं नाव सांग. आणि कॉल संपला, माणसं गेली, की लगेच ठेवू नकोस.

तुझी, दोघांवरही रागावलेली,
आई