शेजारची सीट

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस, ताईचे उत्तम आशीर्वाद आणि उशिरा पत्र पाठवल्याबद्दल एक चापट, वि. वि.

तुझं नवं केंद्र सुरू झालं, लोक येऊ लागले, वाचून बरं वाटलं. मात्र नशा करणाऱ्यांना तुम्ही कोऱ्या सुया फुकट देता आणि वर चहाही पाजता, हे माझ्या डोक्यावरून गेलं. मास्तरीण व्हायची सोडून चहावाली झालीस म्हणायची!

माझी ड्रायव्हिंगची शिकवणी जोरात आहे. सध्या एक निवृत्त दंतवैद्य येतात. क्लच सोडताना डोळे मिटतात. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो म्हणून आम्ही दोघं अजून जिवंत आहोत.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आपला भोंग्या नशा टोचून घेतो. मंगळवारी त्याची बॅग धुवायला काढली तर आत पाकीटबंद सुया. मी सगळ्या कचऱ्याच्या गाडीत घातल्या. सुयाच नसतील तर टोचणार कशाने? तो आला, बॅग पाहिली, तसाच बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी उगवला. आता न्हाणीघराला कडी लावून बसतो. लहानपणी रडला की तीन मजले गोळा व्हायचे, म्हणून आपण त्याला भोंग्या म्हणायला लागलो. आता आतून आवाजच येत नाही गं.

हे गेल्यापासून घरात आम्ही मायलेक दोघंच. तू त्याला चार खडे बोल लिही, तुझं ऐकेल.

लोभ आहेच, पत्राला उशीर केलास तर कमी करीन.
तुझी ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. आणि चापट पोचली, वि. वि.

रागावू नकोस, पण एक विचारू का? सुया गेल्या म्हणून त्या दिवशी तो टोचायचा थांबला असेल, असं तुला खरंच वाटतं? मला धास्ती वाटते की त्याने कुणाची तरी वापरलेली मागून घेतली. पाकीटबंद सुया ठेवत होता म्हणजे पोरगा स्वतःला जपत होता, ताई. वापरलेल्या सुईतून रक्ताचे आजार येतात. आणि कडी लावून एकट्याने घेणं त्याहून भयंकर, कारण श्वास मंदावला तर दार उघडायला कोणी नसतं.

खडे बोल मी लिहिणार नाही. इथे येणाऱ्यांना ते घरून पोटभर मिळालेले असतात. आम्ही आधी परवानगी मागतो. समोरचा नाही म्हणाला तर खरोखर गप्प बसतो. मग आज तो कशाला तयार आहे, ते त्यालाच ठरवू देतो. कोणी कोरी सुई वापरायला कबूल होतो, कोणी रक्त तपासायला, कोणी नुसताच चहा प्यायला. एक गवंडी कित्येक महिने फक्त चहा पिऊन जायचा. काल त्याने आपणहून विचारलं की तपासणी कुठे करतात. मी आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

भोंग्याच्या गाडीत तुझ्या पायाखाली ब्रेक नाही. शेजारची सीट मात्र तुझीच आहे. तुमच्याकडच्या केंद्राचा पत्ता मागे लिहिला आहे. थांबलेला श्वास परत आणणारा नाकातला फवारा तिथे मिळतो. तो घरात हवाच.

माया कमी करायची धमकी देऊ नकोस, मला खरी वाटते.
तुझी धाकटी

दि. २ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद, ह्या वेळी चापट नाही, वि. वि.

दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले, मग गेले. केंद्रात तुझ्याहूनही लहान मुलगी होती. तिने विचारलं, एक विचारू का. इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलंच नव्हतं. मी हो म्हणायच्या आधीच रडायला लागले. येताना डब्याच्या पिशवीतून तो फवारा आणि कोऱ्या सुया आणल्या, सुया होत्या तिथे ठेवल्या.

घरी पहिल्यांदा जमलं नाही. एक विचारू का म्हणाले आणि पुढे निघालं की हा काय तमाशा मांडलायस. तो हसला! किती दिवसांनी हसला. दुसऱ्यांदा विचारलं की दाराबाहेर बसू का. तो नाही म्हणाला आणि मी गप्प बसले. दंतवैद्य भिंतीकडे निघालेत आणि मी पाय उचलून बसले आहे, असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला की कडी लावणार नाही.

तेव्हापासून मी बाहेर स्टुलावर बसून पेपर मोठ्याने वाचते, तो आतून खोकून हुंकार देतो. गुरुवारी हुंकार आला नाही. दार ढकललं तर ओठ निळे पडले होते. फवारा मारला, रुग्णवाहिका बोलावली, केंद्रात शिकवलं होतं तसं तोंडाने श्वास देत राहिले. आणि तो शुद्धीवर आला तो काय रडला! वरचे शेजारी धावत खाली आले. माझा भोंगा वाजला गं.

तू हे रोज करतेस. तुला चहावाली म्हटलं, त्या तोंडाने आता सगळ्यांना सांगत सुटले आहे की माझी बहीण काय आहे.

होता तो लोभ दुप्पट केला आहे.
तुझी ताई

दि. ११ मे

ती. मावशीस, सा. न. आणि कान पकडून, वि. वि.

रक्ताचा अहवाल आला. ज्याची भीती होती तो आजार नाही. यकृताचा एक निघाला, पण तो गोळ्यांनी बरा होतो. आई म्हणते, तिने सुया फेकल्या त्यामुळेच झाला. तो आधीचाही असू शकतो, असं केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, पण ती माझं ऐकत नाही. तू समजाव.

टोचणं सुटलेलं नाही, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. सुई दर वेळी कोरीच असते. न्हाणीघराची कडी मी उचकटून काढली. आई हल्ली पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचते आणि मध्येच मला जुनं कपाट घ्यायचं का विचारते.

काल जेवताना मीच म्हटलं, आई, एक विचारू का. तिचा घास हातातच राहिला. टोचायची ओढ कमी करणारी ती जिभेखालची गोळी सुरू करायला केंद्रात जायचं आहे, एकट्याने जाववत नाही, येशील का, असं विचारलं. तिने हात धुतले आणि चपला घातल्या.

शिकवणीची गाडी दारात उभी होती, तरी मला बसने घेऊन गेली. खिडकीची जागा मला दिली, स्वतः शेजारी बसली. गाडी का नाही काढली म्हणून विचारलं, तर म्हणाली की गाडी चालवताना हात मोकळा राहत नाही.

माझ्यावरची माया सांभाळून ठेव, मी येतोच आहे न्यायला.
तुझा भोंग्या