अर्धा कप

गुरुवार, कार्तिक वद्य पंचमी. औरंगाबाद.

दारू सोडायची तर संध्याकाळी बसायचं कुठं, एवढाच सवाल आहे. गुलमंडीच्या भजनी मंडळानं पहिल्याच दिवशी बेलभंडार उचलायला लावला. शपथ टिकली नाही, मग तिकडं कुठल्या तोंडानं जाणार? औरंगपुऱ्यात दारूबंदीची सभा ऐकली. बोलणारे एकजात कधीच न प्यालेले.

आज कचेरीतून थेट करीमचाचांकडं गेलो. हिमरू विणतात, शिंदी कधीच सोडली. दिवेलागणीला, शिंदीखाना भरतो त्याच वेळी, त्यांच्या मागापाशी सोडू बघणारे चार-पाचजण बसतात.

चाचांनी चहा दिला. अर्धाच कप. आपल्याकडं बशीत सांडेपर्यंत भरतात. अर्धा म्हणजे प्या आणि निघा. दारुड्याला एवढा पुरे, असंच ना? कप ठेवून उठलोच.

चाचा हळूच म्हणाले, “बुरा मानू नका, कारकूनसाब. बघा, समद्यांना अर्धाच हाय. या वक्ताला हात कापतेत आपले. थांबले की भरून देऊ.”

बसलो. कप बशीवर वाजत होता, पण सांडला नाही. कुणी वळूनही बघितलं नाही. उद्या जाईन. बहुतेक.

घरी बायकोनं, सरूनं, नेहमीसारखा भरून कप आणला. म्हटलं, अर्धाच दे. “का? काय झालं?” तिनं विचारलं.

इतकी वर्षं तिच्यासमोर हात धोतरात लपवत आलो. आज पुढं केला. तिनं तो धरला, आणि मग दोघांचेही हात कापत राहिले.