नळ बंद केला होता

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! तीन बॅगा, एक छत्री आणि मी. दादा-वहिनीचं घर चौथ्या मजल्यावर. खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. वहिनीची बाळंतपणाची रजा संपली, म्हणून सात महिन्यांच्या पिटुकलीला सांभाळायला मी. बिनपगारी, पण फुल अधिकारी आत्या! वहिनीने सगळं तीन-तीनदा बजावलं: दूध कोमट, आंघोळीच्या टबात पाणी चार बोटंच, तेही कोपर बुडवून बघायचं. पिटुकलीने मला नीट न्याहाळलं, माझा चष्मा ओढला आणि पास केलं. इतकं आवडीचं काम मला आजवर मिळालं नव्हतं.

६ तारीख, गुरुवार
आज गंमतच झाली. दुपारी जळक्या रबराचा वास आला. गॅस बंद, इस्त्री बंद, वायरी धडधाकट. परत येऊन बघते तर बेसिनचा नळ धो धो वाहतोय. मी उघडलाच नव्हता! दादाला सांगितलं तर म्हणाला, आधी इथे राहणारे, याच घरात वारलेले आजोबा दिवसातून वीसदा हात धुवायचे, तेच आले असतील. स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. मीही हसले, पण जरा

११ तारीख, मंगळवार
पुन्हा तोच वास. आधी पोटातून काहीतरी वर चढत गेलं, खोली एकदम परकी वाटली. मग बघते तर दूध उतू जाऊन गॅस विझलेला, आणि मी शेजारीच उभी! पिटुकली रडून लालबुंद. कधीपासून रडत होती? वहिनी म्हणाली, मोबाइलमध्ये डोकं असेल. फार लागलं मनाला.
आत्ता गुरुवारचं पान पाहिलं. वाक्य अर्धवट, आणि शेवटच्या अक्षरापासून एक रेघ कागदाबाहेर गेलेली. मी नाही ओढली. घरात कोणीतरी आहे. ते माझ्याच हाताने—

१३ तारीख, गुरुवार
खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, इस्पितळातल्या सिस्टर सकाळी वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. दीड मिनिट, म्हणे, मी नुसती बघत होते. हाकेला ओ नाही. ओठ चघळत होते, गाऊनचं बटण चोळत होते. मला काहीच आठवत नाही. मग वास, नळ, वहीतली रेघ, सगळंच त्यांना सांगून टाकलं.
घरात कोणी नाही, म्हणाल्या, ही फिट आहे. मी म्हटलं, फिट म्हणजे माणूस पडतं, तोंडाला फेस येतो. त्या म्हणाल्या, सगळ्यांना तसं होत नाही. तो वास म्हणजेच सुरुवात. गोळ्यांनी बहुतेकांचं आवरतं. सोमवारी डॉक्टरांकडे नेणार आहेत. तोवर एकटीने गॅस नाही, बाळाची आंघोळ नाही. वास आला की आधी बाळाला पाळण्यात ठेवायचं, मग वेळ आणि काय वाटतं ते लिहायचं. आणि वहिनीला आजच सांगायचं.
भूत परवडलं असतं. भुताला घरातून काढता येतं. इथे मलाच काढतील, पिटुकलीपासून लांब.
सांगितलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार
सकाळी सांगणारच होते. वहिनीची बस चुकत होती. संध्याकाळी नक्की.
पिटुकलीने गाजराचं सूप केसांपर्यंत माखलंय. पाच मिनिटांची तर आंघोळ. चार बोटं पाणी. तेवढ्यात काय होतंय—

११.२०. वास. रबराचा.
सिस्टरना फोन लावलाय, नुसता वाजतोय—
लिहायला सांगितलंय. लिहितेय. पोटातून वर—
पिटुकलीला पाळण्यात ठेवलं. कठडा वर केला. नळ बंद केला.
नळ बंद केला होता.
पाण्याचा आवाज येतोय—
पाळणा इथून दिसतोय. रिकाम