रस्त्यात नाही, अंगणात

प्रिय लायल,

फोनवर सांगायला गेले असते तर तू पहिल्याच वाक्याला "आई, थांब, थांब" म्हणाला असतास आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं. म्हणून पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. तेव्हा बूट काढ, निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. मी ठणठणीत आहे, गाडीही ठणठणीत आहे. तुझ्या टेसाच्या बाळाचा, माझ्या पणतवंडाचा, फोटो फ्रिजवर लावलाय, येता-जाता त्याच्याशी गप्पा मारते. नाक आपल्याच घरातलं आहे, यात वाद नको. "पुढच्या महिन्यात सवड झाली की बाळ बघायला तुला न्यायला येतो" असं तू म्हणालास, तेही लक्षात आहे. त्याबद्दल शेवटी बोलू.

तर बातमी अशी, की माझ्या नावानं पावती फाटली. बघ, उठून उभा राहिलास ना? बस खाली. थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत तू माझ्याकडून जे कबूल करून घेतलंस ते मी विसरलेले नाही. वेगाची आणखी एक पावती माझ्या नावावर चढली, की गाडीच्या किल्ल्या तुझ्याकडे आणि मी ओमाहाला, तुमच्या मागच्या खोलीत. मी हो म्हणाले, कारण टर्की गार होत होती. पण म्हणाले हे खरं. तुमची मागची खोली छान आहे, पडदेसुद्धा छान आहेत. पण इथे लायसन्स गेलं म्हणजे नुसती गाडी जात नाही. दुकान, चर्च, हिल्डाकडचा पत्त्यांचा डाव, तुझ्या बाबांच्या थडग्यावर फुलं ठेवणं, सगळंच जातं. त्यामुळे पुढचं वाचताना तुला हसू आलं तर खुशाल हस, पण त्या दिवसांत मला धड झोप लागत नव्हती हेही ध्यानात ठेव.

झालं असं. मी हिल्डाकडून परत येत होते. बऱ्याच दिवसांनी डाव जिंकले होते, सगळीकडे मका पेरून झालेला, रस्ता मोकळा, मी मोठ्यानं गात होते, आणि गाडी जरा जास्तच पळत असणार. आरशात लाल-निळे दिवे दिसले. म्हटलं, शेरीफकडच्या कुणाला तरी माझ्याशी बोलायचंय. मग मी काय केलं असेल? आपल्याकडे कोणीही जे करेल तेच. स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्याला ओळख दिली आणि घराकडे निघाले. रस्त्यात उभं राहून कोण बोलतं? तुझ्या बाबांनी तरी कुणाशी कधी रस्त्यात उभं राहून कामाची गोष्ट केली का? माणसाला अंगणात आणायचं, कॉफी पाजायची, मग बोलायचं. तो नवखा वाटला, चुकेल बिचारा, म्हणून मी प्रत्येक वळणावर आधीपासून इंडिकेटर देत होते. आपल्या काउंटीची हद्द लागली तरी तो मागेच. शेवटी भोंगा वाजवायला लागला, तेव्हा वाटलं, कुत्र्याला घाबरला असेल. मी फाटक उघडलं, कुत्रा बांधला आणि त्याला हातानं आत बोलावलं.

तो उतरला तो कानापर्यंत लाल झालेला. "मॅडम, मी केव्हापासून तुम्हाला थांबवतोय!" मी म्हटलं, "अरे बाळा, मग थांबले ना. ये, बूट पूस आणि आत ये." ब्रॅक्स्टन त्याचं नाव. तुमच्याच ओमाहाचा पोरगा, शेजारच्या बेल्नॅप काउंटीच्या शेरीफकडे डेप्युटी म्हणून नुकताच लागलेला. आधी कॉफी नको म्हणाला, मग वास आला तसा बसला. खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, सकाळीच केले होते. खाता खाता त्यानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पावती लिहिली. एक कलम वेगाचं. ते मला मान्य. दुसरं, पोलिसांपासून पळून जाण्याचं. लायल, तुझी आई, फरार! मी म्हटलं, "पळून जाणारी बाई स्वतःच्या घरी जाते का रे?" तो म्हणाला, "मॅडम, अकादमीत आम्हाला तसं शिकवलेलं नाही." फार सभ्यपणे म्हणाला, आणि आणखी एक कोलाचा घेतला.

तो गेल्यावर मी पावती उचलली, तर तिच्यावरच कॉफीचा कप ठेवलेला. नेमकी कोर्टाची ओळ आणि तारीख विरघळून तपकिरी डाग झाला होता. मी घाबरले नाही. म्हटलं, पावती माझ्या टेबलावर लिहिली, म्हणजे खटला आपल्याच लोअरी काउंटीत असणार. दुसऱ्या दिवशी आपल्या कोर्टात डॉर्लीनकडे गेले. तीच ती, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून तुला खडू मारायची, आता कोर्टाची कारकून आहे. तिनं कॉम्प्युटरमध्ये माझं नाव घातलं. कुबिचेकांची सगळी भावकी निघाली. तुझ्या काकाचे ट्रकचे पराक्रम, चुलतभावाचा फुटलेला दिवा, सगळे पडद्यावर ओळीनं. मी मात्र नाही. "आई शपथ, तुझ्या नावावर काही नाही, अर्डिसकाकू," ती म्हणाली. "घरी जा आणि गप्प बस."

खरं सांगू? गाडीत येऊन बसले तेव्हा मनात लाडू फुटत होते. नोंदच नाही, म्हणजे पावतीच नाही, म्हणजे लायलला दाखवायला काही नाही. पण मग हिल्डाचा भाऊ आठवला. तो असाच तारखेला गेला नाही, लायसन्स गेलं, आणि वर्षभर गावात ट्रॅक्टरवरून किराणा आणत होता. कोर्ट विसरत नाही, उशिरा आठवतं एवढंच. आणि तुला काय सांगणार होते मी? म्हणून परत आत गेले. डॉर्लीननं कपाळाला हात लावला. "पोरगा कुठला होता? बेल्नॅपचा? मग गुन्हा जिथे घडला तिथल्या कोर्टात जाणार ना खटला. तू गाडी घरी आणलीस म्हणून काय खटलाही पाठोपाठ अंगणात येणार का?" सगळी गोम तिथेच होती. सगळं अंगणात आणायची सवय लागलेल्या बाईला कोर्टही अंगणातलंच वाटलं.

बेल्नॅपचं कोर्ट म्हणजे तुला माहीतच आहे, धान्याच्या कोठारासमोरची विटांची इमारत. दोनदा गेले, दोनदा कुलूप. तिथली कारकून जॉनेल शाळेची बसही चालवते. तिसऱ्यांदा सापडली. कॉम्प्युटरमध्ये तिच्याकडेही मी नव्हते. ती म्हणाली, "शेरीफकडच्या पावत्या मी हातानं चढवते, आणि बसच्या फेऱ्या मध्ये येतात." मग तिनं खिडकीतली तारेची टोपली उपसायला घेतली. धान्याच्या जादा वजनाच्या पावत्या, बिनदिव्यांच्या ट्रेलरच्या पावत्या, आणि मग एकदम तिचा हात थांबला. तिनं पावतीवरचा शेरा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, तूच का ती कॉफीवाली?" ब्रॅक्स्टननं इमानेइतबारे सगळं लिहिलं होतं, इंडिकेटर आणि फाटकासकट. तारीख त्याच आठवड्यातल्या बुधवारची होती. घरी गप्प बसले असते तर गेलंच होतं लायसन्स.

त्या बुधवारी मी चर्चचा निळा ड्रेस घातला. एकटीनंच जायचं ठरवलं होतं, पण डॉर्लीननं रजा टाकली होती आणि हिल्डा बाकावर घालायला दोन उशा घेऊन हजर. बाकी बाकांवर आपापल्या पावत्या घेऊन आलेले शेतकरी. जज होल्मग्रेन गुरं पाळणाऱ्यांच्या घरातले, पण कोर्टात दगड. ब्रॅक्स्टन शपथ घेऊन उभा राहिला, इस्त्रीचे कपडे, कान पुन्हा लाल.

जज म्हणाले, "ही बाई पळून गेली. कुठे गेली?"

"स्वतःच्या अंगणात, साहेब."

"फाटक?"

"तिनंच उघडलं आणि मला आत बोलावलं."

"मग?"

"मग कॉफी, साहेब."

"प्यालात?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "प्यालो, साहेब."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि कोलाचे किती खाल्ले ते विचारा." सगळं कोर्ट हसलं. जज हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मिसेस कुबिचेक, दिवे दिसले होते?"

"दिसले, जजसाहेब. वाटलं, पोराला काही बोलायचंय. रस्त्यात काय बोलणार?"

"आणि वेग?"

"तो खरा आहे. डाव जिंकले होते."

मग ते बराच वेळ कागद बघत राहिले. लायल, तेवढ्या वेळात मला तुमची मागची खोली दिसली, पडद्यांसकट. तुझ्या बाबांना मनातल्या मनात हाक मारली. मग जजनी चष्मा काढला. "डेप्युटी, तुमचं काही चुकलं नाही. पण ही बाई पळाली नाही, तिनं तुम्हाला घरी नेलं. इथे राहायचं तर हा फरक शिकून घ्या." पळून जाण्याचं कलम खोडलं. वेगासाठी वाहतुकीच्या नियमांचा वर्ग, तो पुरा केला की पावती रद्द, नावावर काही चढणार नाही. "आणि बाई," ते म्हणाले, "दिवे दिसले की कडेला. कॉफी नंतर." मी हो म्हणाले, आणि या वेळी टर्की गार होत नव्हती.

वर्ग वाचनालयाच्या तळघरात झाला. बाकी सगळी शाळेतली पोरं, मला आजी म्हणायला लागली. परीक्षेत मी पहिली आले, हे त्यांनाच विचार. निकाल घेऊन जॉनेलकडे गेले तेव्हा तिनं पावती रद्द केली आणि नोंदीची शिक्क्याची प्रत हातात ठेवली. ती या पत्रासोबत आहे. माझं नाव आणि खाली कोरं. आणखी एक गोष्ट मी कुणी न सांगता केली. डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर वाढला होता, नवा केलाय. तुझी काळजी खोटी नव्हती, बाळा. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच कबूल करून घेतलं असतं. ज्या दिवशी मला भीती वाटेल, त्या दिवशी किल्ल्या मीच तुझ्या हातात देईन. तू माझ्याकडून काढून घ्यायच्या नाहीत, एवढंच. ब्रॅक्स्टन आता वाटेत दिसला की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. परवा फाटकाशी येऊन भोंगा वाजवला. म्हटलं, आता काय केलं मी? तर त्याला कोलाचे हवे होते, आईला पाठवायला.

आता शेवटचं, ज्यासाठी एवढं लिहिलं. पुढचा महिना मला फार लांब वाटतो. माझं पणतवंड तोवर नाक बदलेल. हे पत्र डॉर्लीन बुधवारी पोस्टात टाकेल, म्हणजे शुक्रवारी तुझ्या हातात पडेल, आणि शुक्रवारी सकाळी मी निघालेली असेन. नवा चष्मा डोळ्यांवर, कोलाचे मागच्या सीटवर, वेग पाटीवर लिहिलेला, तेवढाच. वाटेत कुणी दिवे लावले तर कडेला थांबेन, जजना शब्द दिलाय. तू फोन करू नकोस. गाडी चालवताना मी फोन उचलत नाही, वर्गात तसं शिकवलंय. रागवायचं असेल तर खुशाल रागव, पण रस्त्यात नाही. मी अंगणात आले की बोल. तोवर कॉफी ठेव आणि बाळाला बाहेर आण.

तुझीच, वाटेवर असलेली,
आई