जाऊ वर्सेस जाऊ

वरचा पाडा, ता. मुरबाड
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. काशीस,

सरस्वतीचे आशीर्वाद. जगनभावजींना नि पोरांना विचारलंय म्हणून सांग. इकडे सगळी बरी आहेत, भात झोडून झालं. फोन तू उचलत नायस, म्हणून कागद लिहितेय. वाशिंदला गेल्यापासून कान गेले का गो तुझे?

आता ऐक. आपण जिंकलो होतो तो टीव्हीचा खेळ, 'ओळख जावेला', परत चालू करतायत. जुन्या जोड्या शोधतायत. तू नाय म्हणालीस म्हणे. मी गेले शहापूरला, एकटीच.

काय तो थाट! मागे खेळ घेणाऱ्या बाई आपल्या ओटीवर मांडी घालून बसल्या होत्या, सुकटीची चटणी मागून खाल्ली. प्रश्न काय, तर जावेला भाकरी कडक आवडते की मऊ. तुझं मी नि माझं तू, एकूणएक बरोबर सांगितलं होतं. आता एसी हॉल नि निळ्या केसांची पोरगी, हातात टॅब. "आंटी, आजच्या लोकांना गोडगोड नको, कंटेंट पाहिजे." खेळाचं नावपण बदललंय, 'जाऊ वर्सेस जाऊ'. बटण दाबायचं नि जावेची उणीदुणी काढायची. जास्त काढेल ती जिंकली. डोंबल! हे आपल्या पाड्यावर पाण्याच्या टाकीजवळ रोज फुकट चालतं.

मला म्हणते, "जिंकलेल्या फ्रीजवरून भांडण झालं ना तुमचं? त्यावर बोला." कुणी सांगितलं देव जाणे. मी म्हटलं, "तो कधीच बंद पडला. त्यात तांदूळ ठेवते, उंदीर लागत नाय." तिनं तोंड वाकडं केलं.

मग कॅमेरा लावून सोपा प्रश्न म्हणून विचारलं, "घरात माणसं किती?"

मी म्हटलं, नऊ.

भोंगा वाजला. अख्खा हॉल हसला. टॅबवर पाच होती म्हणे. मी बोटं मोजून दाखवायला लागले: हे, मी, ओमकार, सून, नातू, जगनभावजी, तू... तुझ्या भाविक नि कुणालीची नावं तोंडातच राहिली. ती पोरगी हसून म्हणते, "ते तर वेगळे राहतात ना, आंटी?" मेली, मला माझं घर शिकवते! उठून आले. एसटीत मुरबाडपर्यंत रडत होते, तेपण तुझ्यापायी.

काल त्यांचा फोन आला. दोघी आलात तर पहिल्याच भागात घेऊ म्हणे. मी सांगितलं, आमी भांडू नायतर मरू, तुमच्या बटणावर नाय.

येत्या रविवारी नवं करायचंय. नव्या तांदळाचा भात देवाला दाखवून घरच्यांनी एका पंगतीत जेवायचं, तू विसरली नसशील. तू गेल्यापासून मी पाच पानं मांडते. यंदा नऊ मांडणार आहे. चार रिकामी राहिली तर भावकीसमोर पुन्हा भोंगा वाजेल, नि या वेळी वाजवणारी तू असशील.

भाकरी कडकच भाजीन.

चुकीचं उत्तर दिलेली,
तुझी थोरली जाऊ
सरस्वती